वन्संचा डावा हात

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दात काढायला नको. मी झुरळाला भिते, अरुंद जिन्याला भिते, फोन उशिरा आला की भिते आणि भलत्या वेळी लवकर आला तरी भिते. लग्नाच्या आठव्या दिवशी माझ्या नणंदेने, म्हणजे आमच्या वन्संनी, माझं नाव भित्री भागूबाई ठेवलं. वर्षभरात त्यातलं भित्री गळालं आणि नुसती भागूबाई उरली, ती आजतागायत. उरू दे बापडी.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तर माझा ब्रह्मराक्षस कुठे राहतो ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घराच्या मागच्या खोलीत. तिथे एक खिडकी, एक लांब टेबल, जमिनीवर काळं रबर, आणि भिंतभर फळ्यांवर जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनमधले मॉनिटर, जाड काचेचे, पाठीला फुगलेले. त्या फुगलेल्या पाठीत वीस-बावीस हजार व्होल्ट बसलेले असतात. आणि त्यात हात घालून दुरुस्ती करणारं माणूस म्हणजे वन्सं. एकोणीस वर्षं मी त्या खोलीत एकच गोष्ट मनात घोळवत बसले: आज हात घातलाय, तो बाहेर येऊ दे.

वन्सं माझ्या नवऱ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी एकोणसाठ वर्षांच्या होत्या. काटकुळ्या, चष्मा दोरीने गळ्यात, अंगात कायम तो राखाडी एप्रन. लग्न केलं नाही. का, असं एकदाच विचारलं मी, तर म्हणाल्या, "वेळ झाला नाही. एक मॉनिटर संपला की दुसरा यायचा." गिऱ्हाईक यायचं आणि त्यांच्या डोक्यावरून आत बघत विचारायचं, "मेकॅनिक कुठे आहेत?" वन्सं गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "जेवायला गेलेत. ते येईपर्यंत मी दुरुस्त करून ठेवते." राग तर नाकाच्या शेंड्यावर. स्क्रू चुकीच्या डबीत पडला तर दिवसभर त्या डबीवरून बोलणी.

हे काम त्यांना मामंजींनी शिकवलं. मामंजी म्हणजे माझे सासरे. मी आले तेव्हा ते थकलेले होते, आणि उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. तरुणपणी एका चालू मॉनिटरने त्यांना भिंतीवर फेकलं होतं. त्यांचा एक जोडीदार तर तेवढ्यावरही सुटला नाही. भर दुपारी गेला, टेबलावरच्या कपातला चहा अजून कोमट होता. ही गोष्ट मामंजींनी मला सांगितली तेव्हा मी त्या घरात नवीन होते. त्यानंतर कितीतरी दिवस मी मागच्या खोलीच्या उंबऱ्याआत पाऊल टाकलं नव्हतं; मग हळूहळू वन्संच्या हाताखाली स्क्रू निवडायला बसू लागले.

मामंजींचे नियम दोन. पहिला, मशीनमध्ये एकच हात घालायचा, उजवा, डावा पाठीमागे. दोन्ही हात आत गेले आणि झटका बसला, तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघते आणि वाटेत काळीज असतं. वन्सं डावा हात एप्रनच्या पाठीमागच्या गाठीत अडकवून ठेवायच्या. इतकी वर्षं, की रस्त्याने चालतानाही तो हात आपोआप मागे जायचा. मशीन बंद आहे अशी शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय तो गाठीतून सुटायचा नाही.

दुसरा नियम खात्रीचा. मामंजी म्हणायचे, "डोळा फसतो, कान फसत नाही." जुन्या मॉनिटरमध्ये वीज असली की तो एक बारीक शीळ घालतो. अगदी बारीक, सुईसारखी, दातांच्या मुळाशी जाणवणारी. शीळ आहे तोवर मॉनिटर जिवंत. शीळ थांबली की बंद. दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही, दिवा जळतो. बटणावर ठेवायचा नाही, बटण अडकतं. शीळ खोटं बोलत नाही. वन्संनी हे वडिलांचं वाक्य मनावर कोरून घेतलं होतं.

तर एक दिवस डोळ्यांचे एक डॉक्टर आले. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. त्यांनी आपल्या लहानपणचं गेमचं मशीन कुठूनतरी शोधून काढलं होतं आणि दवाखान्यात बसणाऱ्या पोरांसाठी ते त्यांना चालू करून हवं होतं. मॉनिटर धडधाकट होता, पण गेमचा मूळ बोर्ड पार सडला होता. डॉक्टरांनी खिशातून पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी काढून टेबलावर ठेवली.

"हा अख्खा कॉम्प्युटर आहे," ते म्हणाले. "गेम यात टाकलेत. फक्त हा तुमच्या मॉनिटरला जोडून द्या."

"फक्त," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी ती डबी तळहातावर घेतली, चष्मा लावून उलटीपालटी केली आणि नाव ठेवलं पिल्लू. नाव ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

पिल्लाने पहिल्याच दिवशी आमच्या तोंडाला फेस आणला. जोडलं, चालू केलं, तर पडद्यावर एकाच्या जागी तीन चित्रं, शेजारी शेजारी, फाटलेली, तिरकी धावणारी. आणि आवाज! रोजची शीळ नव्हे, वर चढून थरथरणारी किंचाळी. मी दोन्ही कानांवर हात दाबले.

"काय झालं?" वन्संनी मागे वळून विचारलं.

"किंचाळतोय ना तो!"

"कोण?"

"मॉनिटर!"

वन्संनी क्षणभर मान तिरकी केली, मग हसल्या. "भागूबाई, तुझ्याच मनात किंचाळतंय ते."

मला राग आला. पण मी तशी ओरडतच असते ऊठसूट, त्यामुळे माझ्या ओरडण्याला त्या घरात किंमत नव्हती. लांडगा आला रे आला करणाऱ्याचं जे होतं, ते माझं झालं होतं. मी गप्प बसले, आणि ते तिथेच राहिलं.

दोष काय होता ते वन्संनी तासाभरात काढलं. जुना मॉनिटर सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास ओळी काढतो. पिल्लू नव्या जमान्याचं, ते एकतीस हजारांच्या वेगाने ओळी सोडत होतं. म्हाताऱ्याला पोराबरोबर पळवल्यासारखं झालं. असंच चालू ठेवलं असतं तर मॉनिटर जळलाच असता. मग पिल्लाच्या पोटातलं मेमरी कार्ड काढायचं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यातल्या यादीत वेगाची ओळ बदलायची, कार्ड परत घालायचं, पाहायचं. आकडा जरा चुकला की चित्र वाहून जायचं. प्रत्येक वेळी वन्सं आकडा मोठ्याने म्हणायच्या आणि मी तो स्क्रूंचा हिशेब ठेवायच्या वहीत लिहून ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. भित्र्या माणसाला लिहून ठेवायची सवय असते.

वेग जुळला तर चित्र खालून वर गरगरायला लागलं. कारण पिल्लू 'ओळ संपली' एका तारेवर सांगतं आणि 'पान संपलं' दुसऱ्या तारेवर, आणि जुन्या मॉनिटरला दोन्ही गोष्टी एकाच तारेवर ऐकायची सवय. मधे एक छोटा बोर्ड बसवून त्या तारा एक केल्या. चित्र थांबलं, पण इतकं काळोखं की माणूस की झाड कळेना. पिल्लाचा जोरच कमी पडत होता. त्याला जोर देणारा आणखी एक बोर्ड आला. या सगळ्यात दोनदा असं झालं, की मी घाईने भिंतीतला प्लग ओढला आणि कार्ड बिघडलं. पिल्लाला आधी नीट बंद करावं लागतं. वीज अचानक गेली की कधीकधी कार्डावरचं सगळं पुसलं जातं आणि मग गेम दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पुन्हा भरायचे, आकड्यांचा पहिल्यापासून श्रीगणेशा. दुसऱ्यांदा झालं तेव्हा वन्संच्या आवाजाने खिडकीची काच वाजली.

"पुन्हा त्या प्लगला हात लावलास ना," त्या म्हणाल्या, "तर तू आहेस आणि मी आहे."

मी कानाला खडा लावला. मशीनच्या पाठीवर फक्त मॉनिटर बंद करणारा एक खटका होता. यापुढे तेवढाच वापरायचा असं ठरलं.

आता तो चौथा दिवस, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मशीन न्यायला येणार होते. एकच काम उरलं होतं: चित्र एका बाजूला कललेलं होतं. पडद्यामागच्या काचेच्या ट्यूबच्या गळ्यात तांब्याच्या तारेचं एक जाड कडं असतं, ते सैल करून जरासं फिरवलं की चित्र सरळ होतं. मशीनसमोर चाकांचा आरसा लावलेला, म्हणजे मागून काम करताना पुढचं चित्र दिसतं. खटका बंद, शीळ बंद, हात आत, कडं जरा फिरव, हात बाहेर, खटका चालू, आरशात बघ. असं पाच-सहा वेळा झालं. खटका मीच दाबत होते. पण कड्याचा पट्टा गंजून चिकटला होता, एका हाताला दाद देत नव्हता.

एकदा चालू करून त्या आरशात बघत होत्या, तेवढ्यात पुढच्या खोलीत फोन वाजला. डॉक्टरांचा. वन्सं हात पुसत गेल्या. मी टेबलाच्या टोकाशी स्क्रू निवडत बसले. फोन लांबला; डॉक्टरांना बोलायची हौस आहे. पंधरा मिनिटं गेली असतील. कधीतरी पडदा काळा झाला, ते मी पाहिलंसुद्धा नाही.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं यातच आहे. जुना गेमचा बोर्ड कधी झोपत नाही. वीज आहे तोवर त्याचं चित्र नाचत असतं, कुणी खेळो न खेळो. वन्संच्या सगळ्या आयुष्यात काळा पडदा म्हणजे बंद मॉनिटर. पण पिल्लाला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही, की ते डुलकी घेतं आणि काळं चित्र पाठवत बसतं. मॉनिटर चालूच असतो. वीस-बावीस हजार व्होल्ट जिथल्या तिथे असतात. फक्त दिसत काही नाही.

वन्सं परत आल्या. आरशात काळा पडदा पाहिला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बंद केलंस ते बरं केलंस." आणि मशीनच्या मागे गेल्या.

मी बंद केलं नव्हतं. मी डबीतून मान वर केली. पडदा काळा होता. आणि शीळ वाजत होती.

मला आधी वाटलं, माझेच कान वाजताहेत. चार दिवस ते ऐकून ऐकून डोक्यात बसलं असेल. पडदा काळा आहे, म्हणजे बंद असणार. वन्संना कळत नाही का? तीसपस्तीस वर्षं ज्यांनी या आवाजावर जीव टाकलाय, त्यांना कळत नाही आणि मला कळतं? मी कोण, भागूबाई! त्यांनी उजवा हात आत घातला. मी श्वास धरून ऐकलं. शीळ होती. सुईसारखी, दातांच्या मुळाशी, होती.

"वन्सं," मी म्हटलं. "वन्सं, चालू आहे."

"पडदा बघ की समोर," त्या आतूनच म्हणाल्या. "भित्री ती भित्रीच."

आणि मग मी तो हात पाहिला. डावा. एप्रनच्या गाठीतून सुटला, पाठीमागून पुढे आला. चिकटलेला पट्टा दोन हातांनी सोडवायचा होता त्यांना. एका बाजूने उजवा आत गेलेला आणि आता दुसऱ्या बाजूने डावा आत निघालेला, मधे त्या, आणि त्यांच्या मधोमध त्यांचं काळीज. ओरडून त्या ऐकणार नव्हत्या. खटका त्यांच्या पलीकडे होता, माझा हात पोचला नसता. भिंतीतला प्लग माझ्या पायाशी होता.

खोटं कशाला सांगू, त्या एका क्षणातही मला प्लग ओढायची भीती वाटली. त्यांच्या रागाची भीती. मरणाच्या दारात उभं माणूस दिसतंय, आणि माझ्या डोक्यात काय, तर कार्ड बिघडेल! आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

मी खाली वाकले आणि वायरीसकट प्लग उपसून काढला.

"अगं ए!" वन्सं गरजल्या. पिल्लाचा लाल दिवा विझलेला त्यांना दिसला होता. दोन्ही हात बाहेर काढून त्या उभ्या राहिल्या. "पुन्हा ओढलास? अक्कल गहाण टाकलीस का? चार दिवसांचं काम मातीत घातलंस! उद्या सकाळी काय तुझं तोंड दाखवू त्या..."

त्या थांबल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आरशाकडे बघत होत्या. आरशात, काळ्या पडद्याच्या मधोमध, एक पांढरा ठिपका उमटला होता. वाटाण्याएवढा. तो बारीक होत गेला आणि विझला.

बंद मॉनिटरला ठिपका येत नसतो. चालू मॉनिटरची वीज तोडली, तरच कधीकधी येतो. हे मला ठाऊक होतं आणि त्यांना तर माझ्याआधी कितीतरी वर्षं.

वन्संनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, तळवे वर, मग पालथे, जणू कुणीतरी ते आत्ताच आणून दिलेत.

"शीळ नव्हती," त्या म्हणाल्या.

"होती, वन्सं."

"नव्हती गं."

मी रडत होते. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "रेडिओ आण."

रेडिओ कशाला, ते मला लगेच कळेना. वन्संनी आरशावर फडकं टाकलं आणि मशीनकडे पाठ करून स्टुलावर बसल्या. प्लग मी पुन्हा लावला होता, पण पिल्लू तर मेलेलंच होतं. मॉनिटर चालू केला तरी पडदा काळाच राहणार. त्या म्हणाल्या, "मोठ्याने रेडिओ लाव. तेवढ्यात खटका दाब नाहीतर दाबू नकोस, तुझ्या मनाला येईल तसं. मग रेडिओ बंद कर. मी सांगते चालू की बंद. पाच वेळा. लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं. चालू, बंद, चालू, चालू, बंद.

पहिल्यांदा रेडिओ बंद केला तेव्हा शीळ इतकी स्वच्छ होती, की मला वाटलं आता त्या हसतील आणि म्हणतील, घे, हे काय. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मान जराशी तिरकी. बाहेर रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली, तर त्या म्हणाल्या, "सायकल." दूर कुठेतरी दार आपटलं तेही त्यांना ऐकू आलं. त्यांचे कान तसे तिखटच. मी दोन खोल्या पलीकडे पुटपुटले तरी उत्तर यायचं. मग म्हणाल्या, "बंद."

दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदा बंद. चौथ्यांदा त्यांनी बराच वेळ लावला. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. डावा हात आपोआप एप्रनच्या गाठीत गेला होता आणि बोटं गाठ कुरतडत होती. "बंद," त्या म्हणाल्या.

पाचव्यांदा त्यांनी हळूच विचारल्यासारखं म्हटलं, "चालू?"

तेव्हा मात्र बंद होतं.

"किती बरोबर?" त्यांनी वळून विचारलं.

तुम्हाला सांगते, खोटं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. चार बरोबर, म्हणाले असते, तर त्या चेहऱ्यावरचं ते सावट गेलं असतं, मला पुन्हा भागूबाई म्हणून शिव्या मिळाल्या असत्या आणि रात्री मी सुखाने जेवले असते. मी आयुष्यभर त्यांच्या रागाला भ्यायले, पण त्या तोंडाला मी भ्यायले तशी कशालाच भ्यायले नाही. वहीवर माझा घाम पडत होता.

"एक," मी म्हटलं.

वन्सं बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. हळूहळू मला कळलं त्या काय मोजताहेत. गेल्या वर्षभरात किती मशीन आली. कितीदा हात घातला. कितीदा दोन्ही हात.

"इतके दिवस नुसतं चित्र बघून हात घालत होते मी," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, ऐकतेय." आणि त्यांनी दोन्ही हात काखेत दडवले. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मामंजी गेले त्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं आमच्या घरात घाबरायचं काम एकटं माझंच आहे.

मी चहा केला, तो तसाच गार झाला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "बिचाऱ्या डॉक्टरांना काय सांगायचं? सगळं पुसलं गेलं."

मी वही पुढे केली. चार दिवसांचे सगळे आकडे त्यात होते, स्क्रूच्या हिशेबाच्या मधे मधे, माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. वन्संनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. "भागूबाई," त्या म्हणाल्या, आणि कार्ड काढायला लागल्या. अर्ध्या तासात कार्ड पुन्हा तयार झालं. या वेळी त्यात एक ओळ जास्त होती: पिल्लाने कधीही झोपायचं नाही.

पण कलतं चित्र राहिलंच होतं. पिल्लाला नीट बंद करून मी खटका दाबला. शीळ थांबली. "थांबली," मी सांगितलं. वन्सं मशीनमागे उभ्या राहिल्या. उजवा हात उचलला, कड्यापासून वीतभर अलीकडे आला आणि तिथेच थांबला. पुढे जाईना. मी "थांबली हो वन्सं, खरंच थांबली," असं दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण हात जाईना. दुसऱ्याच्या कानावर आपला जीव कसा ठेवायचा, तेही माझ्यासारख्या बाईच्या?

मग मला सुचलं. मी भिंतीतला प्लग काढला, वायर ओढत आणली आणि त्यांच्या पाठीमागे, गाठीत अडकलेल्या त्या डाव्या हातात ठेवला. रिकामा असायचा तो हात. त्यांनी आधी चाचपून पाहिलं, दोन पिना, मग मूठ मिटली. मशीनची वीज त्यांच्या स्वतःच्या मुठीत होती. आता ऐकायचं काही कारणच नव्हतं.

मग त्यांनी लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर मागितला. त्याच्या दांड्याला बांधलेली वायर मशीनच्या लोखंडाला जोडली आणि टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. प्लग काढला तरी ट्यूबमध्ये वीज मुरलेली असते, ती अशी उतरवता येते. नुसतं कडं फिरवायला वन्सं एरवी हे करत नसत, आज केलं. टक् असा आवाज झाला आणि निळी ठिणगी पडली. मी किंचाळले. वन्सं नाही किंचाळल्या, पण दचकल्या.

पट्टा अजून चिकटलेलाच होता. त्याला दोन हात हवे होते. त्यांचा डावा तर प्लग सोडायला तयार नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "नाही वन्सं, मी नाही. काहीही सांगा, हे नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. नुसतं बरं. टोमणा नाही, भागूबाई नाही. त्यानेच मला उभं केलं. एकोणीस वर्षं ज्या भोकाकडे मी दुरून बघत आले, त्यात मी हात घातला. आत ऊब होती, धूळ होती, जुन्या तांब्याचा वास होता. माझं अंग असं कापत होतं, की पट्टा आधी माझ्या कापण्यानेच सैल झाला असावा. त्यांचा उजवा, माझा उजवा. मधेच लक्षात आलं, माझा डावा हात आपोआप माझ्या पाठीमागे गेलाय.

मशीन डॉक्टरांकडे गेलं. चित्र अगदी ओळंब्यात. पोरं खेळतात म्हणे. वन्संचे डोळे डॉक्टरांनी फुकटात तपासले आणि उत्तम आहेत म्हणून सांगितलं. कानांबद्दल त्यांना कुणी काही बोललं नाही. वयाबरोबर सगळ्यात बारीक आवाज आधी जातात, बाकीचे राहतात, हे आम्हाला पुढे कळलं.

याला तीन वर्षं झाली. वन्सं अजून काम करतात. शीळ मी ऐकते, त्या विचारतात, "थांबली?" मी सांगते, "थांबली." आणि तरीसुद्धा प्लग त्यांच्या हातात देते. त्या चिडतात, म्हणतात, तुझ्या कानावर विश्वास आहे माझा. असू दे विश्वास. माझा नाही. कारण एक गोष्ट मला तेव्हापासून झोपू देत नाही: ज्या दिवशी मला ती ऐकू येणार नाही, त्या दिवशी ते मला कळणार कसं? ऐकू न येणाऱ्या गोष्टीची आठवण कोण करून देतं?

परवा एक मोठं मशीन आलं. मी खटका दाबला. पडद्यावर रंग आले, चित्र नाचायला लागलं. मी वहीत तारीख लिहिली आणि मग हात थांबला. चित्र चालू होतं. खोली शांत होती. मी जवळ गेले, काचेला कान लावला. केस काचेकडे ओढले गेले, बाकी काही नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "मला नाही आली ऐकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मांजर पाळू या. मांजरांना येते म्हणे ऐकू." मला हसूही आलं आणि रडूही.

काम तर करायचंच होतं. वन्सं मशीनच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. डावा हात पाठीमागे नेला, आणि पंजा उघडून धरला.

मी प्लग काढून त्यात ठेवला.